आई जर्मन बोलत नाही

न्यू येवर, नेब्रास्का
१५ एप्रिल १९१७

हिनरिक,

तुझं पत्र पोचलं. कंपनीचा कागद, टाइप केलेली अक्षरं आणि खाली सही 'हेन्री'. मला आधी वाटलं नोटीस आली. वाचल्यावर कळलं, नोटीसच आहे.

टेलिफोन कंपनीचा सेक्रेटरी म्हणून तू मला विचारतोस, की गुड फ्रायडेच्या दिवशी मी सगळ्यांची घंटा वाजवून लढाईची बातमी जर्मनमध्ये का सांगितली. तिकडे कार्व्हरला बसून हे तुला कोणी सांगितलं ते मी विचारत नाही. पण जे झालं ते पुरतं ऐक.

तार आली तेव्हा लोक नुकतेच चर्चमधून घरी पोचले होते. मी सगळ्यांची घंटा दिली. तुला आठवत असेल, अख्ख्या तारेवर एकदम वाजणारी ती घंटा आपल्याकडे फक्त आगीला आणि वादळाला देतात. एकेक रिसीव्हर उचलल्याचे आवाज येत गेले, कोंबड्या दाणे टिपतात तसे, टक, टक, टक. मी तार इंग्रजीत वाचली. जशी होती तशी. एकही शब्द इकडचा तिकडे नाही.

 हाब्बोकाकांचा आवाज आला, "पोरी, काय म्हणालीस? वादळ कुठल्या बाजूनं येतंय?"

मी काय करायचं होतं? त्यांनी गुरं गोठ्यात हाकली असती आणि बायकामुलांना तळघरात नेऊन बसवलं असतं. मी आपल्या घरच्या बोलीत, प्लाटमध्ये सांगितलं, "काका, वादळ नाही. लढाई. आपलं सरकार लढाईत उतरलं. जर्मनीविरुद्ध."

"आपलं म्हणजे कुठलं?"

"अमेरिकेचं, काका. आपलं दुसरं कुठलं आहे?"

"पण आपण तर बाहेर राहणार होतो," हाब्बोकाका म्हणाले. "हिनरिकनं सांगितलं होतं."

कोणी हसलं नाही, हिनरिक. हसले असते तर बरं झालं असतं. नोव्हेंबरात याच तारेवरून, माझ्याच स्विचबोर्डातून तू घरोघर फोन केले होतेस, प्लाटमध्ये, अगदी गोड आवाजात. 'मत राष्ट्राध्यक्षालाच द्या, त्यानं आपल्याला लढाईबाहेर ठेवलंय.' प्रत्येक फोन मी जोडून दिला. प्रत्येक घरातल्या म्हातारीची तू गुडघेदुखी विचारलीस. तेव्हा प्लाट चालत होती.

मत बदलायला माझी हरकत नाही. सरकारनं बदललं, पेपरांनी बदललं, तूही बदललंस. पण कालपर्यंत ज्या तोंडानं बोलत होतास ते तोंडच तुझं नव्हतं असं भासवतोस, त्याची मला चीड येते.

आई विचारते, रविवारी चहाला येणार का. मी म्हटलं, तो लढाईच्या कामात आहे. ती म्हणाली, "लढाई असली तरी रविवार येतोच की."

तालेआ

---

२३ सप्टेंबर १९१७

हिनरिक,

पाकिटावर 'मिस्टर हेन्री' लिहिलंय, कारण पोस्टमन तुमच्या गावचा आहे. आत मी तुझं नाव बदलणार नाही. ते आईनं ठेवलंय.

रीम्टची गाडी सुटल्याला अकरा दिवस झाले. माझा मुलगा लढाईवर जातोय आणि मी तुझ्यावर संतापलेय, हे मला स्वतःलाच विचित्र वाटतं. पण रीम्टसाठी रडायला बसले की डोळ्यांपुढे तू येतोस. कार्व्हरच्या स्टेशनवर, छातीला रिबन लावून बँडच्या शेजारी उभा असलेला.

काउंटीच्या नव्या संरक्षण समितीचाही तू सेक्रेटरी झालास हे मला तिथेच कळलं. भाषण चांगलं केलंस. 'नव्वद मुलं नाहीत, नव्वद तलवारी.' माझी तलवार खिडकीतून हात बाहेर काढून सफरचंद खात होती.

आईनं उन्हाळाभर मोजे विणले होते, तुला माहीत नसेल. अख्खं गाठोडं होतं. ती गर्दीतून वाट काढत डब्यापर्यंत गेली आणि गाठोडं वर केलं. रीम्ट खिडकीतून ओरडला, "आजी, अगं पाय दोनच आहेत मला!" आजूबाजूची पोरं हसली. सगळी आपलीच होती, सगळ्यांना कळलं. आईसुद्धा हसली आणि मोठ्यानं म्हणाली, "मग ज्यांना आजी नाही त्यांना दे. आणि पाय कोरडे ठेव. सांभाळ रे बाबा स्वतःला."

एवढंच. लढाईवर निघालेल्या नातवाला कोरडे पाय ठेव म्हणाली. आणि तू दोन ढांगांत तिथे आलास, तिचं कोपर धरलंस आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं इंग्रजीत म्हणालास, "इथे अमेरिकन बोलायचं, बाई."

बाई. जन्म देणाऱ्या आईला बाई म्हणालास. रस्त्यात कोणी अनोळखी म्हातारी आडवी आल्यासारखं.

शब्द तिला कळले नाहीत, पण कोपरावरची पकड कळली. घोडागाडीत निम्मी वाट ती कोपर चोळत बसली. मग म्हणाली, "हिनरिकचं कोणाशी तरी वाजलंय. एवढं घट्ट धरत नाही तो कधी." तुझ्यासाठी कारण शोधत होती, हिनरिक. ते मी तुझ्यासाठी कधीच शोधणार नाही.

त्या दिवसापासून तुझा रविवारचा फोन बंद झालाय. आई दुपारी तीनला स्वच्छ टोपी घालून स्विचबोर्डाशेजारी खुर्ची ओढते. मी कार्व्हर जोडते. तुझी बायको म्हणते, "हेन्री बाहेर गेलेत." दोन्ही रविवारी हेच. मागून तू खोकल्याचं मला ऐकू येतं. बावीस वर्षं हेच काम करतेय, मला खोकलासुद्धा ओळखता येतो.

तालेआ

---

१७ मार्च १९१८

हिनरिक,

तुमच्या समितीचा छापील हुकूम स्विचबोर्डाच्या वर खिळ्यानं ठोकलाय. टेलिफोनवर जर्मन बोललेली ऐकू आली तर ऑपरेटरनं ताबडतोब प्लग ओढून लाइन तोडायची. खाली तुझी सही आहे. मी ओढते. विधवा बाईला हे एकच काम आहे, आणि डोक्यावरचं छप्परही कंपनीचंच आहे. हे तुला ठाऊक आहे म्हणूनच खिळा ठोकणाऱ्या माणसाबरोबर तू निरोपसुद्धा पाठवला नाहीस.

मंगळवारी हाब्बोकाकांची गाय अडली. त्यांनी जनावरांच्या डॉक्टरला फोन लावला. डॉक्टर आपलाच, प्लाटमध्येच बोलला. मी प्लग ओढला. काकांनी पुन्हा घंटा दिली, मी पुन्हा ओढला. मग त्यांनी इंग्रजीत बोलायचा प्रयत्न केला. ते म्हणाले, "गाय. दार. बंद." तेवढंच इंग्रजी येतं त्यांना. डॉक्टरला वाटलं गोठ्याचं दार अडकलंय. तो सावकाश जेवून गेला. गायही गेली आणि वासरूही गेलं. सरकार म्हणतं मंगळवारी मांस खाऊ नका. काका म्हणाले, सरकारला सांग, आम्ही पुरून टाकलं.

आता आईचं सांगते. हुकूम आला तेव्हा मी तिला समजावलं, टेलिफोनवर जर्मन बंद, चर्चमध्येही बहुतेक बंद होणार.

"बरं झालं," ती म्हणाली. "पास्टरची प्रवचनं तरी आटोपशीर होतील."

"आई, आपलंही बंद."

"आपलं कसं? आपण कुठे जर्मन बोलतो?"

आणि ती खरंच बोलत नाही, हिनरिक. जर्मन बोलतो पास्टर, जर्मन बोलायचा तो आजोबांच्या गावचा कर वसूल करणारा प्रशियन साहेब. आपण बोलतो ती प्लाट, फ्रीसलंडच्या चिखलातली. पास्टर भराभर बोलला की आईला निम्मं कळत नाही. तूच लहानपणी पास्टरची नक्कल करायचास आणि ती हसून हसून चहा सांडायची. तुमच्या समितीतल्या बाकीच्यांना हा फरक कळत नसेल, मी त्यांना दोष देत नाही. पण तुला माहीत होतं. त्या टेबलाशी बसलेला तू एकटाच असा होतास, ज्याला एका वाक्यात सांगता आलं असतं. तू ते वाक्य गिळलंस.

मी तिला सांगितलं, हा हुकूम काढणाऱ्यांत हिनरिक आहे. वाटलं, आता तरी तिला राग येईल.

ती म्हणाली, "हिनरिक आहे ना तिथे? मग काळजी नाही. तो समजावून सांगेल त्यांना." आणि विणायला बसली.

ती अजून वाट बघतेय, तू कधी समजावून सांगतोस याची.

माझ्यावर लक्ष ठेवायला तुम्ही तो मिस्टर प्रुइट पाठवलाय, त्याचंही ऐकून घे. माणूस वाईट नाही. कॅन्ससचा आहे, सभ्य आहे, आल्यावर टोपी काढतो. माझ्या पुढच्या खोलीत बसतो आणि कोण काय बोलतं ते ऐकतो. पहिल्याच दिवशी आईनं त्याच्यापुढे चहा ठेवला. खडीसाखर कुठली आता, साधी साखर, तीही चिमूटभर. पण साय होती. त्यानं पिऊन कप खाली ठेवला. चमचा बशीत ठेवला.

चमचा बशीत! आईनं कप भरला. त्यानं आभार मानले, प्याला, चमचा पुन्हा बशीत. तिनं पुन्हा भरला. बास झालं की चमचा कपात ठेवायचा, हे त्याला कोण सांगणार? आणि पाहुण्याला चहा नको असेल तर तो चमचा कपात ठेवेल, एवढंही ज्याला कळत नाही असा माणूस असू शकतो, हे आईच्या डोक्यात कुठून येणार? मला म्हणाली, "फार तहानलेला आहे गं. बायको बघत नाही वाटतं याच्याकडे."

बिचाऱ्याला कितीदा तरी उठून परसात जावं लागलं. तो दाराबाहेर पडला की मी खुर्चीवरून हलत नाही, काही बोलत नाही, फक्त एक छोटी घंटा देते. बाकीचं लोक ओळखतात. त्या दोन-चार मिनिटांत अख्खं न्यू येवर प्लाटमध्ये बोलून घेतं. गायी, सर्दी, बियाणं, फ्रान्सहून आलेली पत्रं. परसाचं दार करकरलं की सगळे गप्प.

हे मी तुला लिहितेय, कारण तू माझं नाव समितीत सांगावंस असं मला वाटतं. सांग. प्लाट येणाऱ्या माणसानं चहानं केलेला देशद्रोह इंग्रजीत कसा समजावून सांगितला, ते मला ऐकायचंय.

तालेआ

---

२८ जुलै १९१८

हिनरिक,

आज भांडत नाही.

सोमवारी सकाळी आई वाटाणे सोलता सोलता एका बाजूला कलली. उजवा हात गेलाय, तोंड वाकडं झालंय. बोलते, पण शब्द जाड येतात, ओल्या लोकरीसारखे. मला कळतात. डॉक्टर म्हणाला, दुसरा झटका येईल, महिन्यात किंवा उद्या. तो आला की संपलं.

ती तुझं नाव घेते. मी शेजारी बसलेली असते, तिला भरवते, धुते, आणि ती विचारते, "हिनरिक आला का?" तो येतोय म्हणून मी रोज सांगते. मला खोटं बोलायला लावू नकोस.

कार्व्हर काही समुद्रापलीकडे नाही. रीम्ट समुद्रापलीकडे आहे, त्याला मी बोलावू शकत नाही. तू मोटारीनं अर्ध्या तासात पोचशील. अंधार पडल्यावर ये, मागच्या दारानं ये, कोणाला दिसू नकोस. हवं तर मी प्रुइटला काहीतरी काम काढून बाहेर पाठवते. तिच्या पलंगाशी बस आणि तिच्याशी बोल. काहीही बोल. मोटारीबद्दल बोल. फक्त तिला कळेल असं बोल.

तुझ्यावर डोळा ठेवून असलेले लोक आहेत, हे मला समजत नाही असं नाही. जन्मानं त्यांच्यातला नसलेला माणूस त्यांच्या टेबलाशी बसला की त्याला सगळ्यांपेक्षा मोठ्यानं बोलावं लागतं. तू घाबरलेला आहेस. सात वर्षांचा असताना गोठ्यात वीज पडली तेव्हा असाच घाबरून तिच्या झग्यात शिरला होतास. तिनं तेव्हा तुला विचारलं नव्हतं, कुठल्या भाषेत रडतोयस म्हणून.

बघ, पुन्हा भांडायला लागले. ये.

तालेआ

---

२९ ऑगस्ट १९१८

हिनरिक,

काल दफनानंतर फाटकापाशी तू मला एक प्रश्न विचारलास. मी उत्तर न देता निघून गेले. तुझी बायको म्हणाली म्हणे, की तालेआला दुःखानं भान राहिलं नाही. मला चांगलं भान होतं. लोक होते म्हणून मी बोलले नाही. आता लिहिते.

माझ्या जुलैच्या पत्राला तू पंधरा दिवसांनी दोन ओळींचं उत्तर पाठवलंस. येणं शक्य नाही, रविवारी तीनला फोन करीन, लाइन सार्वजनिक असल्यामुळे अर्थातच इंग्रजीत बोलेन.

अर्थातच.

मी आईला सांगितलं नाही की तू इंग्रजीत बोलणार आहेस. फक्त सांगितलं, हिनरिकचा फोन येणार. ती सकाळपासून टोपी मागत होती. दुपारी मी आणि शेजारच्या बाईनं तिला उचलून स्विचबोर्डापुढे माझ्या खुर्चीत बसवलं, पाठीला उशा लावल्या. टोपीवरून माझं कानाचं यंत्र, ज्यातून मी फोन ऐकते ते, चढवलं. मी शेजारी उभी राहून दुसरा रिसीव्हर कानाला लावला. मिस्टर प्रुइट खिडकीपाशी बसला होता. त्यानं आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि टोपी घेऊन बाहेर गेला. मी त्याला कामाला पाठवलं नव्हतं. घोड्यांच्या हौदापाशी जाऊन आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. तो परका माणूस, हिनरिक. तुमच्या समितीचा माणूस.

तुझी घंटा आली. मी जोडलं. आणि तारेवर रिसीव्हर उचलले गेले, टक, टक, टक. तूही ऐकलेस, मला माहीत आहे, कारण तू श्वास रोखलास. तू समजलास ते हेर आहेत. हेर कुठले? ती आपली माणसं होती. गेशेला, म्हणजे आईला, झटका आलाय हे सगळ्यांना ठाऊक होतं. तुझ्या तोंडून एक प्लाट शब्द ऐकायला ती थांबली होती. कोणी बोललं नसतं. कोणी उभ्या जन्मात कुठे सांगितलं नसतं.

आणि तू भाषणाच्या आवाजात सुरू केलंस. "मदर, मी हेन्री बोलतो आहे. आपली प्रकृती सुधारत असेल अशी आशा करतो. मदर, आम्ही सर्व जण आपल्यासाठी प्रार्थना करीत आहोत."

आईनं मान तिरकी करून ऐकलं. अगदी लक्ष देऊन. तू थांबलास. मी आईचा चांगला हात दाबला, म्हटलं, बोल. तू म्हणालास, "मदर? मदर, ऐकू येतंय का?" तिनं डाव्या हातानं कानाचं यंत्र हळूच काढून मांडीवर ठेवलं.

तुला पुढचं ऐकू गेलं नाही. तू दोनदा हॅलो म्हणालास. मग माझ्यावर ओरडलास, "तालेआ, लाइन तोडलीस का?" मी सांगितलं, लाइन चालू आहे. इंग्रजीत सांगितलं, हुकुमाप्रमाणे. तू देव तुमचं भलं करो असं काहीसं म्हणून ठेवून दिलंस. मग बाकीच्यांनी एकेक करून ठेवले. फार हळू ठेवले, आजाऱ्याच्या खोलीचं दार लावावं तसे.

गुरुवारी पहाटे दुसरा झटका आला. मग ती बोलली नाही. चार दिवसांनी गेली.

दफन इंग्रजीत झालं. आता राज्याच्या समितीचाच हुकूम आहे, तुम्हा लोकांना खिळे ठोकायची गरज उरली नाही. पास्टरनं कागदावरून अडखळत वाचलं. 'पुनरुत्थान' हा शब्द त्याला जमेना, तीनदा म्हणून पाहिला. हाब्बोकाका ओठ मिटून रडत होते, कारण रडताना तोंडून काही निघालं असतं तर ते प्लाटच निघालं असतं. तू चांगला कोट घालून पहिल्या रांगेत उभा होतास.

आणि मग फाटकापाशी, बायको मोटारीत बसल्यावर, मागे-पुढे बघून, माझ्या कानाशी येऊन तू विचारलंस, "तिनं ओळखलं का मला?"

प्लाटमध्ये विचारलंस. वर्षभरात तुझ्या तोंडून निघालेलं पहिलं प्लाट वाक्य. इतकं स्वच्छ, लहानपणी बोलायचास तसंच, तिच्याच हेलात. ते मला दिलंस. मला नको होतं रे ते. सात मैलांवर बसून तिला द्यायचं होतंस, रविवारी तीन वाजता, टेलिफोनवर. एवढं एकच वाक्य. मी प्लग ओढला नसता. कोणी ओढायला आलं असतं तर मी त्याचा हात मोडला असता.

तर उत्तर. मी ऑपरेटर आहे. निरोप ज्या शब्दांत मिळाला त्याच शब्दांत पोचवायचा, हे मला येतं. मी त्यात माझं काही घालत नाही.

कानाचं यंत्र मांडीवर ठेवून ती माझ्याकडे वळली. तुझ्या सगळ्या बोलण्यातला तिला एकच शब्द कळला होता, कारण तुमचं मदर आणि आपलं मोडर ऐकायला जवळजवळ सारखंच. तोंड वाकडं होतं तरी शब्द नीट जुळवून ती म्हणाली,

"कोणीतरी साहेब आहे गं. आई, आई करतोय. लांब कुठेतरी अडकलाय वाटतं बिचारा. त्याला म्हणावं, इथे फोन करत बसू नकोस. घरी जा. ती वाट बघत असेल."

तालेआ